तुझ्या बाबांच्या केसांतले फोटो

माझी सुकेळी, उन्हात केळी वाळवून केलेली, वर्षानुवर्षं खाल्लीस आणि एका शब्दाने कळवलं नाहीस. वर जास्त वाळलीत म्हणून नावं ठेवलीस. आधी हे ऐक, मग नमस्कार-चमत्कार.

निर्मळ, सोमवार, १२ जानेवारी २०२६

मेघना हिस आईचा आशीर्वाद. मी बरी आहे. पाय दुखतो, तो दुखणारच. फोनवर तू मध्ये मध्ये बोलशील म्हणून लिहिते. अक्षर चौथीचंच आहे, लावून वाच.

परवा तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध झालं. यतीनच्या नेत्राने त्यांचा दाराएवढा फोटो करून आणला. लांबून बघितलं तर बाबा. जवळ गेलं तर नखाएवढे शेकडो फोटो. म्हणाली, "आजी, आजोबांच्या मोबाइलमधले होते नव्हते ते सगळे घातले. कॉम्प्युटरच रंग बघून लावतो. काळ्या जागी काळे, पांढऱ्या जागी पांढरे." म्हटलं, बरं, माणूस गेला तरी कामाला लावलात.

गंध लावायला कपाळाशी गेले. वर केसांत पांढरा केक. शेजारी पांढऱ्या फ्रॉकातली पोर, पुढचे दात पडलेली. तिच्यामागे कागदाची टोपी घालून आमचे हे. मी वाटी धरून तशीच उभी. भटजी म्हणाले, "आजी, लावा ना." कसलं लावते.

नेत्राने तो फोटो मोबाइलवर मोठा केला. केकवरचं नाव वाचलं. टिफनी. नात मला केकवरून कळली.

मग एकेक दिसायला लागलं. कानाशी तुझा नवरा ॲलिस्टर, बाबांना मासे वाढतोय. मिशीत तू. पोरीच्या हातात सुकेळीची पुडी, पुडीला माझीच गाठ.

दर गुरुवारी हे विरारला, मनवेलपाड्याला, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो म्हणून निघायचे. "त्याला सुकेळी दे गं, बिचारा भला माणूस आहे." मी देत गेले. येऊन सांगायचे, "डॉक्टर म्हणतो, यंदा जरा जास्त वाळलीत." डॉक्टरला एवढी लांब जीभ कुठून, असं तेव्हाच वाटायला हवं होतं. नायगावात तुझ्या घरी बसलेली ती जीभ मीच जन्माला घातलेली.

तू ॲलिस्टरशी लग्न केलंस तेव्हा "मेघना आपल्याला मेली" असं ओटीवर उभं राहून त्यांनीच सांगितलं. मी पाळलं. शेजारणींना तू दुबईला असतेस म्हणून सांगत आले. ते गेले त्या दिवशी तू नाक्यावर उभी होतीस, डोक्यावर ओढणी घेऊन. यतीन म्हणाला, "आई, बोलावू?" मी नको म्हटलं. गेलेल्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? आणि तो त्यांनी स्वतः कधीचाच मोडून, तुझ्याकडे जेवून हात पुसले होते.

त्यांचा राग महिनाभरात गेला असेल. मग तो घरात एवढी वर्षं कोणासाठी मांडून ठेवला? यतीन म्हणतो, "तुझ्या तोंडाला भीत होते." मला वाटायचं मी त्यांना भिते.

फोटो भिंतीवरच आहे. दोन दिवस झाले, मी त्या खोलीत जेवत नाही.

तुझी आई,
मथुरा

उत्तर टिफनीने लिहायचं, मराठीत, जसं येईल तसं. निर्मळला तिची कोण राहते म्हणून तुम्ही तिला सांगितलंत, ते मला तिच्याच अक्षरात हवंय. तू तिच्या बाजूला बसायचं नाही.