जर्मन म्हाताऱ्याची सही

प्रिय गिझेला,

तुझा आलुबुखाराचा मुरंबा पोचला. झेनोनला तो किती आवडतो! पण बरणी घेऊन त्याच्यापर्यंत जायचं कसं? निळी गाडी तीन आठवडे कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी आहे. मेकॅनिकने खालून पाहिलं आणि कुणी वारल्यासारखी टोपी काढली. म्हणाला, “बाई, गिअरबॉक्स आधीच मोडलेला होता, कसाबसा डकवलाय. आणि मीटरवर दिसतात त्याच्या दुप्पट किलोमीटर पळालीय ही.” घेतल्यापासून अकरावा दिवस होता तो!

अर्धांगाचा झटका आल्यापासून झेनोन शुश्रूषागृहात आहे, हे तुला ठाऊकच आहे. दुपारी बायकोने, म्हणजे मीच, भरवलं तरच जेवतो. नर्सचा चमचा दिसला की तोंड फिरवतो. बस बंद झाली म्हणून तर गाडी घेतली. आता पावाच्या गाडीतून आठवड्यातून एकदा जाते. परवा त्याचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपराशी आलं होतं.

मी त्याला, विकणाऱ्याला, फोन केला. त्याचं नाव लिहायला हात वळत नाही. अंगणात कसा बोलत होता आठवतं? “मावशी, म्हाताऱ्या जर्मनाने रविवारी चर्चपुरती चालवलीय. विकताना रडला बिचारा!” आता म्हणतो, “मी कुठे विकली? कागद वाच. विकणारा तो जर्मन, फोगेल. त्याला गाठ.” म्हटलं, “मेल्या, त्या फोगेलचं तोंड तरी पाहिलंय का मी?” तर हसला. हसला गं!

चूक माझीही आहे. जर्मनीहून आणलेल्या गाडीच्या कागदावर जर्मनाची सही आधीच झालेली, खाली रिकाम्या जागी घेणाऱ्याने आपलं नाव लिहायचं, मधला माणूस कागदावर कुठेच नाही. आपल्याकडे सगळे असंच करतात. मीही केलं. शाळेत सिस्टर बेनिग्नांनी आपल्याला एका बाकावर बसवून घोटवलेल्या त्या वळणदार अक्षरात मी खोट्या कागदावर सही केली. तेव्हा तू माझी शाई पुसायचीस, आठवतं?

काल तालुक्याच्या ग्राहक-सल्लागार बाईंकडे गेले. पोरसवदा आहे, फी घेत नाही. म्हणाली, “आजी, धंदेवाल्याने विकलेल्या जुन्या गाडीत आधीपासूनचा दोष निघाला तर दोन वर्षं तोच जबाबदार. दुरुस्त करून दे, नाहीतर पैसे परत दे. पण गाडी जर्मनाने नाही, त्याने विकली, हे सिद्ध करावं लागेल. आणि कागद खोटा होता हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल.” लिहून दिलं. मग तिने विचारलं, “पैसे त्याच्या हातात देताना कुणी पाहिलं?”

गिझेला, पाकीट मी सेवेरिनच्या हातात ठेवलं तेव्हा माझी पर्स धरून तू उभी होतीस. तो तुझा मुलगा आहे. त्याच्या बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात धरलं होतं. रात्रभर विचार केला, तुझं नाव घालू की नको. मग ते कोपराशी आलेलं घड्याळ आठवलं. नाव घातलंय. सोमवारी अर्ज जाईल, मग तुला साक्षीला बोलावणं येईल. ते पोस्टमनकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. काय सांगायचं ते तू ठरव. मुरंब्याची बरणी मी अजून उघडलेली नाही.

त्याच बाकावरची, अजून तुझीच,
टेक्ला