भेव लागते त लागू दे

माय,

तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुझा चेहरा आठवायला आधी तुझा आवाज आठवावा लागतो. आवाज मात्र पक्का आहे. मोहफुलांच्या दिवसांत उजाडायच्या आधी आपण जंगलात जायचो, आणि वाकून फुलं वेचता वेचता तू मला सारखी हाक मारायचीस. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून सगळ्याच बाया तसं करायच्या. हाक द्यायची, समोरच्यानं ओ द्यायची, मग पुन्हा वाकायचं. मला त्या ओ देण्याची लाज वाटायची. गावातली पोरं मला भित्रा म्हणून चिडवत, आणि एका सकाळी मी ठरवलं की आज शूर व्हायचं. झाडामागे गप्प बसलो. तू हाक मारतेस, मी गप्प. पुन्हा मारतेस. मग तुझा आवाज फाटतो आणि टोपली तिथंच टाकून तू धावत येतेस. सणसणीत चपराक बसली. "काऊन बोलला नाई बे?" मी रडत म्हणालो, "मले भेव घालवाचं हाय." तू मला दंडाला धरून गदागदा हलवलंस. "भेव लागते त लागू दे! मलेही लागते. मले तुले शूर नाई करा लागत, घरी न्या लागते." मग टोपली उचलायला परत जातानाही तू माझा हात सोडला नाहीस. मी मात्र चपराक तेवढी लक्षात ठेवली.

त्यानंतर मी जन्मभर स्वतःची दुरुस्ती करत आलो. घुग्घुसला कोळशाच्या खाणीत नोकरी लागली, लग्न झालं, पोरं मोठी झाली, तरी काम काही संपेना. ताईत बांधला, थंड पाण्यानं अंघोळी केल्या, मोबाईलवरची भाषणं कान किटेपर्यंत ऐकली. शेवटी चंद्रपूरला एका शिबिरात गेलो. तिथले सर म्हणाले, ज्याची भीती वाटते तेच करा, आणि भीती आली की शांतपणे श्वास मोजा. आमच्या गावचे पहिल्या पाळीचे लोक पहाटे टपरीपाशी जमतात आणि मोटारसायकली सोबतच काढतात, कारण वाटेतल्या जंगलात वाघीण फिरते. मी त्यांना चुकवून एकटा निघायला लागलो. रोज भीती वाटायची, आणि अजून कशी वाटते म्हणून मी रोज स्वतःवर चिडायचो.

मागच्या आठवड्यात ती नाल्याच्या पुलावर बसलेली होती. गाडीच्या उजेडात आधी डोळे दिसले, मग अख्खी वाघीण. गाडी बंद पडली की मी बंद केली, देव जाणे. आणि माय, तुला सांगतो, मी काय केलं असेल? श्वास मोजत बसलो. वाघीण समोर, आणि मी डोळे अर्धवट मिटून आत, बाहेर, आत, बाहेर. हॉर्न वाजवायचं सुचलं नाही, मागं फिरायचं सुचलं नाही. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी मी कुणाला तरी दाखवत होतो की मी घाबरलो नाही. ती उठली, तिला वाटलं तेव्हा उठली, आणि झुडपात गेली. माझी पॅन्ट ओली झाली होती. त्या दिवशी मी कामावर गेलोच नाही, घरी परतलो. तुझ्या सुनेनं पॅन्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भडकली. "तुमाले काई झालं असतं त मी काय केलं असतं? लोकायसंगं काऊन नाई जात तुमी?" मी पॅन्ट बदलायला आत गेलो.

काल पहाटे टपरीवर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "मी बी येतो संगं. मले एकट्याले भेव लागते." एक जण फिसकन हसला. दुसरा म्हणाला, "या ना भाऊ, चहा घ्या." मी चहा घेतला. हे बोलून भीती कमी झाली असं समजू नकोस. आजही आहे, उद्याही राहील. आता ती घालवायची खटपट माझ्यानं होणार नाही आणि मी ती करणारही नाही.

हे कुठं पाठवू? तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि मग पुढचं मी लिहिलंच नसतं. काल पूल आला तेव्हा मी पोरांच्या वयाच्या दोघांना मागं टाकून माझी गाडी सगळ्यांच्या मधोमध घातली. लाज वाटली, माय. पण जागा सोडली नाही.