सेल्सो सौदीत असतो

६ फेब्रुवारी १९८६, गुरुवार

उद्या मतदान. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना जुंपलं आहे. माझा चौथीचा वर्ग म्हणजे केंद्र क्रमांक चौदा. बाकं हलवली, फळा पुसला, बोटाला लावायची शाई कुलपात ठेवली. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांची तसबीर आहे. उमेदवार तेच, म्हणून हेडमास्तर कुएवासना विचारलं, उद्यापुरती काढू का? ते म्हणाले, "एपिफानियाबाई, तसबीर उमेदवार नसते." वीस वर्षं ती तिथे आहे. मुलांना वाटतं, भिंतीबरोबरच बांधली असावी.

येताना शेजारीण भेटली. तुमचा सेल्सो नाताळात का नाही आला म्हणे. सौदीत नाताळची सुट्टी नसते, मी म्हटलं. एवढं तरी खरं आहे.

७ फेब्रुवारी

माझ्या यादीत मतदार तीनशे बारा. साडेतीनला मेयरची दोन माणसं आणखी एक पेटी घेऊन आली. गाडीत विसरली होती म्हणाली. मोजणीत मतं निघाली चारशे सहा. मी फळ्यावर काड्या मारत गेले. चौथीतल्या पोराने असं गणित सोडवलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

मी म्हटलं, सही करणार नाही. हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. मेयरचा जाडा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, मुलगा सौदीत असतो ना तुमचा? लांबचा प्रवास. जपून राहा म्हणावं."

सही केली.

फाटकाशी इस्को पहाऱ्यावर होता. आता लष्करी पोलिसांत सार्जंट आहे. माझ्याच हाताखाली शिकलेला—सेल्सोच्या शेजारी बसायचा आणि त्याच्याच वहीतून उतरवायचा, चुकांसकट. मला घरापर्यंत पोचवायला आला.  

१० फेब्रुवारी

मॅनिलात संगणकावर मतं मोजणाऱ्या मुली काम टाकून उठून गेल्या. आकडे जुळेनात म्हणून. रडत होत्या म्हणे, पण उठल्या. तीसेक जणी होत्या. मी एकटी होते. ही सबब आहे, मला कळतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

संरक्षणमंत्री उलटले, एक जनरलही. छावणीत जाऊन बसलेत. कार्डिनलनी रेडिओवरून सांगितलं, त्यांना मदत करा, खायला न्या. लोक लाखांनी गेले—डबे घेऊन! रणगाड्यांपुढे नन्स जपमाळा घेऊन बसल्यात आणि लोक शिपायांना पाव वाटतायत. आमच्याकडे क्रांतीलाही आधी जेवण लागतं.

२५ फेब्रुवारी

एका दिवसात दोन शपथविधी. सकाळी त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या, पिवळ्या कपड्यांतल्या विधवाबाईंचा, दुपारी राष्ट्राध्यक्षांचा. दुपारचा टीव्हीवर बघत होतो तर शपथेतच चित्र गेलं. सालुदताईने—माझी थोरली बहीण, माझ्याकडेच असते—टीव्हीला दोन थपडा मारल्या. पुन्हा लागलं नाही.

२६ फेब्रुवारी

गेले. हेलिकॉप्टरने, बायकोसकट. सालुदताई म्हणते, सरकार तिने पाडलं.

हेडमास्तरांनी तसबीर उतरवली. टाकली नाही. कपाटामागे ठेवली, तोंड भिंतीकडे. "थोडे दिवस बघू," म्हणाले.

२८ फेब्रुवारी

राजकीय कैदी सोडायला लागलेत. रेडिओवर नावं वाचतात. सालुदताई रेडिओला कान लावून बसली होती. मी म्हटलं, सेल्सोचं नाव कसं येईल? तो तुरुंगात नाही. "मग कुठे आहे?" तिने विचारलं. सौदीत, मी म्हटलं. घरात आम्ही दोघीच होतो, तरी.

इथे तरी खरं लिहिते. १९८३. झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आदला. जेवत होतो—आंबट सार, भात, तळलेला मासा. गल्लीत कुणीतरी शीळ घातली. सेल्सो उठला. "पाच मिनिटांत आलो, आई." वय एकवीस, शेतकी कॉलेजचं शेवटचं वर्ष, ताटात अर्धा मासा. मला राग आला. अन्न टाकून उठतात का! जेवता जेवता कुणी बाहेर निघालं की मागे बसलेल्यांनी आपापलं ताट गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. सगळा गाव फिरवतो. सालुदताईने फिरवलं. मी नाही फिरवलं. उलट त्याच्या देखत टेबल आवरायला घेतलं.

त्या पाच मिनिटांना आता तीन वर्षं होतील. तो डोंगरात आहे, बंदूकवाल्यांबरोबर. एवढंच कळलं. गावातल्या अर्ध्या घरांची मुलं सौदीत आहेत, म्हणून मीही तेच सांगितलं. लोकांनी साबण आणि चॉकलेटं आणायला सांगितली. मी यादी करून ठेवली.

मी विज्ञान शिकवते. ताटाचा आणि बंदुकीच्या गोळीचा काही संबंध नाही. पण तेव्हापासून मी कुणासाठीही ताट फिरवते. परवा हेडमास्तर डबा अर्धवट टाकून संडासला गेले, तेव्हाही फिरवलं.

११ एप्रिल

धूमकेतू पाहिला. शहात्तर वर्षांनी येतो, मी सालुदताईला सांगितलं. ती म्हणाली, "येतो तरी."

२ मे

नव्या सरकारने सगळे मेयर बदलले. आमचा जुना गेला. त्याच्या जागी प्रभारी म्हणून त्याचा मेहुणा आला. जाडा माणूस तोच आहे. आता पिवळा सदरा घालतो.

७ जुलै

मॅनिलात बंड! जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी एक मोठं हॉटेल ताब्यात घेतलं, बरोबर शिपाई. हेडमास्तरांनी कपाटामागून तसबीर काढून पुसली.

९ जुलै

बंड मोडलं. तसबीर परत कपाटामागे. शिपायांना शिक्षा झाली—प्रत्येकी तीस जोर. मी रेडिओ बंद करून पुन्हा लावला, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. तीस जोरच. गृहपाठ केला नाही तर माझ्या वर्गात याहून जास्त होतं.

इस्को भाजीबाजारात भेटला. तो म्हणाला, "डोंगरातल्यांनाही हीच शिक्षा लागू झाली तर बरं होईल, बाई." आणि एकदम भेंड्या निवडायला लागला.

१९ ऑगस्ट

एका अनोळखी म्हातारीने केळ्यांचा घड आणून दिला. मधे सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, घडी घातलेला. अक्षर सेल्सोचं. तेच—अक्षरं सुटी सुटी लिहितो, कितीदा सांगितलं तरी.

"आई, इथे ऊन फार आहे. उंट बरे आहेत. मावशीला सांग, साबण विसरलो नाही."

खूप रडले. मग हसले. मग पुन्हा रडले. सालुदताईने कागद जाळायला सांगितला. जाळला. केळी संपेपर्यंत कुणालाही दिली नाहीत.

२७ नोव्हेंबर

सरकार आणि डोंगरवाल्यांचा करार झाला. साठ दिवस युद्धबंदी. दहा डिसेंबरच्या दुपारी बारापासून.

साठ. मी कॅलेंडरवर मोजले. आठ फेब्रुवारी.

१० डिसेंबर

बाराला चर्चची घंटा झाली. मुलांना वाटलं शाळा सुटली. मी सोडली.

फाटकाबाहेर इस्को जीप पुसत उभा होता. जीप स्वच्छच होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, सौदीहून साठ दिवसांची सुट्टी मिळते म्हणे यंदा."

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. साडेतीन वर्षं हा माणूस मला वाटेत थांबवून विचारत होता, तिकडे जेवणाचं काय, उकडतं का फार, पगार वेळेवर होतो का! आणि मी सांगत होते.

१४ डिसेंबर

काटा पडला. सालुदताई टाळ्या वाजवायला लागली. चमचा पडला तर बाई येते, काटा पडला तर पुरुष. कुणी आलं नाही. संध्याकाळी गॅसवाला आला. सालुदताई त्याच्याशी नीट बोललीसुद्धा नाही.

२३ डिसेंबर

आला.

मागच्या दाराने. मी तांदूळ निवडत होते. आधी चपला दिसल्या, टायरच्या. पुढचा एक दात नाही. केस बापाचे होते तसेच मागे गेलेत. मी म्हटलं, "पाच मिनिटं म्हणाला होतास." दुसरं काही सुचलं नाही.

पिशवीतून साबणाच्या बारा वड्या आणि चॉकलेटं काढली. लुसेना शहरातल्या बाजारातून आणली होती. माझी यादी त्याच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. सालुदताई घरोघर वाटून आली. सगळ्यांनी वास घेतला आणि म्हणाले, सौदीच्या साबणाची गोष्टच वेगळी.

२५ डिसेंबर

दुपारी जेवायला इस्को आला. साध्या कपड्यांत, हातात फळांचं सॅलड. मी बोलावलं नव्हतं. दारात दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. 

"रंग उजळला की रे तुझा," इस्को म्हणाला. "वाळवंटात सावली बरी दिसते."

"तू जाडा झालास," सेल्सो म्हणाला. "अजून उतरवतोस का दुसऱ्याचं?"

"अजून. आता वरून येतं ते उतरवतो."

"चुकांसकट?"

"चुकांसकट. तुझं काय वेगळं आहे?"

यावर सेल्सोने भात वाढून घेतला. मग दोघे चौथीतल्या गोष्टी काढून हसत बसले—माझीच नक्कल करत होते, गधडे. मी वीस वर्षांत इतक्या सुखात जेवले नसेन.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा ठाण्यावरून शिपाई बोलवायला आला. इस्को उठला. मी ताट फिरवलं, सालुदताईने फिरवलं. सेल्सो आपल्या ताटाकडे बघत राहिला. मग त्यानेही फिरवलं. पूर्ण, सावकाश, सार सांडू न देता.

२३ जानेवारी १९८७

काल मॅनिलात शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. बारा-तेरा मेले म्हणतात. जमीन मागायला गेले होते. बोलणी मोडणार. सेल्सोने रेडिओ बंद केला आणि अंगणात लाकडं फोडली. सहा महिन्यांची फोडली.

मी त्याला म्हटलं, राहून जा. नाहीतर खरोखर सौदीला जा, मी साडेतीन वर्षं तयारी केली आहे. तो हसला.   लहानपणापासून नाही म्हणायचं असलं की असाच हसतो.

२ फेब्रुवारी

नव्या राज्यघटनेवर मतदान. माझा वर्ग, केंद्र क्रमांक चौदा. यादीत तीनशे एकोणतीस, मतं तीनशे अकरा. जाडा माणूस आला होता—मत द्यायला. बोटाला शाई लावताना मी जरा जास्तच लावली.

नव्या राष्ट्राध्यक्षांची तसबीर आली. चौकट जुनीच वापरली. जुना फोटो आत मागे आहे. हेडमास्तर म्हणाले, पुठ्ठा म्हणून.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बाराला युद्धबंदी संपली. अकराला जेवायला बसलो. मी, सालुदताई, सेल्सो, इस्को. आंबट सार, तळलेला मासा. मुद्दाम तेच केलं.

 इस्कोने विचारलं, विमान किती वाजता? साडेअकरा, सेल्सो म्हणाला. इस्को म्हणाला, "तिकडे नदीवरच्या पुलाच्या बाजूला जाऊ नकोस. उंट फार असतात." सेल्सो म्हणाला, "तूही नको जाऊस."

साडेअकराला उठला. आशीर्वाद घ्यायला माझ्या हाताला कपाळ लावलं, मावशीच्या हाताला लावलं. इस्कोच्या पाठीवर एक थाप मारली. आम्ही तिघांनी ताटं फिरवली. मी दोनदा फिरवलं. एक तेव्हाचं राहिलेलं.

मग मी आणि सालुदताई मागच्या दाराशी गेलो. माडांमध्ये दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहिलो, मग उगाच आणखी थोडा वेळ. बाराची घंटा झाली. आत आलो तर इस्को पुढच्या दाराने निघून गेला होता. ठाण्यावर हजेरी असेल. ताटात अर्धा मासा तसाच. याला चौथीत डबा संपवायला किती ओरडले होते! मी टेबल आवरलं.

मन हलकं आहे. बऱ्याच दिवसांनी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सकाळी पुलावर इस्कोची जीप उडवली. इस्को गेला.

त्याची आई विचारायला आली, रविवारी तुमच्याकडे पोटभर जेवला का? हो म्हटलं. तो उठला तेव्हा टेबलाशी कुणीच नव्हतं, हे तिला सांगितलं नाही.

दुपारी एक लेफ्टनंट आला. या गावचा नाही. मुलगा कुठे असतो, विचारलं.

सौदीत, मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं.