ओढ्याकाठचा लीडर

३ मार्च, सोमवार
बायकोने भटकंती क्लबात परस्पर नाव घातलं. स्वतःचं आणि माझंही. सोळा तारखेला जंगलातल्या ओढ्याच्या काठाने नऊ किलोमीटर चालायचं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला ठाऊक आहे. तरी जाणार. असल्या हौशी लोकांना वळण लावायला कोणीतरी लागतंच. ऑफिसात एकवीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळतोय. माणसं हाकणं मला नवीन नाही. (सेक्शनला मी धरून दोन माणसं. दुसरा रजेवर.)

७ मार्च, शुक्रवार
क्लबची मीटिंग. वाचनालयाच्या माडीवर, लहान मुलांच्या खुर्च्यांत. लीडर गेली बारा वर्षं एक दंतवैद्य. बोलताना समोरच्याचे दात बघतो. एक कुलूपवाला, तोंडाला स्वतःच्याच दुकानातलं कुलूप. एक रिटायर्ड भूगोलाच्या बाई, वय बहात्तर, हातात काठी. बाकीचे लक्षात ठेवण्यासारखे नाहीत. दंतवैद्याला आता वेळ होत नाही म्हणे. पायपीट झाली की नवा लीडर निवडणार. हे तो माझ्याकडे बघून बोलला. बहुतेक दातांकडे.

१० मार्च
संकल्प : रोज पहाटे पाच किलोमीटर. नवे बूट आणले.

११ मार्च
आभाळ भरल्यासारखं वाटलं. गेलो नाही.

१३ मार्च
बूट घरातच मुरवतोय. मुलगी म्हणाली, बाबा, बूट घालून सोफ्यावर बसण्याला चालणं म्हणत नाहीत. कॉलेजात हेच शिकवतात.

१५ मार्च
नकाशाचा अभ्यास केला. ओढा मध्ये एक भलंमोठं वळण घेतो. टेकाडावरून सरळ पलीकडच्या पुलावर उतरलं तर दीड किलोमीटर वाचतं. दंतवैद्याला बारा वर्षांत हे दिसलं नाही. दाढा सोडून दुसरं काही पाहिलं तर ना.

१६ मार्च, रविवार. सकाळी ७.४०
बसस्टॉपवर नऊ डोकी जमली. भूगोलाच्या बाईंची काळजी वाटते. मागे पडणार.

९.१५
बाई सगळ्यांच्या पुढे आहेत. मी मुद्दाम शेवटी. खरा लीडर मागून नजर ठेवतो.

१०.३०
टाच सोलली. ओढा ओलांडताना बायकोने कुलूपवाल्याचा हात धरला. माझा हात जवळ होता, पण मी त्याने झाडाला धरलं होतं.

११.०५
दंतवैद्य म्हणाला, वरची वाट निसरडी आहे, काठानेच जाऊ. मी म्हटलं, तुम्ही या रमतगमत, मी पुलावर तुमची वाट बघतो. बायको म्हणाली, बरं. थोडा आग्रह करायला हरकत नव्हती.

१२.२०
शॉर्टकट उत्तम. सध्या थांबलोय. सगळी झाडं एकसारखी. नकाशात झाडं वेगवेगळी दाखवत नाहीत, ही गंभीर चूक आहे. संबंधितांना कळवणार.

१.४५
घसरलो. उजवा बूट चिखलाने ठेवून घेतला. खालून हसण्याचे आवाज येतायत. एक हसणं ओळखू येईना. बऱ्याच वेळाने कळलं, बायकोचं.

२.५०
भूगोलाच्या बाई शिट्टी वाजवत आल्या. त्यांनी काठी पुढे केली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी धरली. मी किती पुढे आलोय, असं विचारलं. त्या म्हणाल्या, निघालात तिथून दोनशे पावलांवर आहात.

५.३०
बसस्टॉपवरच निवडणूक उरकली. मी हरवलोय म्हटल्यावर बायकोने म्हणे सगळ्यांना जोड्या लावून दिल्या, काठ सोडायचा नाही अशी ताकीद दिली आणि बाईंना बरोबर त्याच टेकाडावर पाठवलं. दंतवैद्याने तिचं नाव सुचवलं. मी एका पायात बूट, अशा अवस्थेत माझं नाव सुचवलं. तिला आठ मतं, मला एक. एक मत कोणाचं ते झाकून राहिलं असतं, पण हात वर करायचे होते.

१७ मार्च
रजा टाकली. क्लबचा कडक शब्दांत राजीनामा दिला. संध्याकाळी दंतवैद्याचा फोन. बायकोने माझं नाव सांगितलं होतं खरं, पण फॉर्म मी भरलाच नव्हता. तेव्हा राजीनामा नेमका कशाचा, असं त्याने फार नम्रपणे विचारलं.

२३ मार्च, रविवार
बायको सकाळी निघाली. येणार का, म्हणाली. मी म्हटलं, कामं आहेत. पूर्वी ती दुसऱ्यांदा विचारायची.
सहाला परत आली. ओढ्यावर खंड्या दिसला म्हणे. तो वरून पाण्यात कसा सूर मारतो, ते हाताने करून दाखवलं. मी म्हटलं, त्यात काय एवढं. मग ती मुलीच्या खोलीत गेली आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं.
खंड्या मी अजून पाहिलेला नाही.