झाकलेला पेला

सान्लुकार, १४ मे १९८८

कासिल्दा,

पेला मी नेला. हासिंतोवर आळ घेऊ नकोस. काल मासळीबाजारात तू त्याला चारचौघांत म्हणालीस, "म्हातारपणी हात लांब झाले का रे तुझे?" हे कानावर आलं म्हणून लिहिणं भाग पडलं. एरवी तुला पत्र लिहायची मला हौस नाही. मी बरी आहे, गुडघे सोडून.

तू बाहेर होतीस तेव्हा मी तुझ्या बारमध्ये आले. माझा आन्सेल्मो वारला त्याच्या कितीतरी आधीपासून मी तो उंबरा ओलांडला नव्हता. काउंटरमागून हासिंतो म्हणाला, "मास्तरीणबाई, वाट चुकलात की काय?" मी म्हटलं, "ऑलिव्ह दे आणि गप्प बस." तो आत वळला. मी पेला उचलून शालीखाली धरला आणि घरी आले.

का, ते सांगते. गावभर बोलतात की कासिल्दा अजून आन्सेल्मोच्या जागी रोज पेला भरून ठेवते, वर झाकण घालून. झाकणाची रीत आपल्याच आजोबांनी काढली, असं बाबा सांगायचे. गावातला प्रत्येक बारवाला आपल्या आजोबांबद्दल हेच सांगतो. पण बाबांचा नियम मला पाठ आहे: गिऱ्हाईक जरा बाहेर गेलं आणि परत येणार असेल, तर पेल्यावर हॅमची नाहीतर चीजची चकती ठेवायची. उघडा पेला माशी पिते. न येणाऱ्याचा पेला झाकत नाहीत, उचलतात. मग माझ्या नवऱ्याची वाट बघणारी तू कोण? विधवा मी आहे.

हे आजचं नाही. रोज दुपारी तो तुझ्याकडे उभ्याउभ्या खायचा. कधी तळलेली बारकी मासळी, कधी पालक-चणे, तू पुढे ठेवशील ते. निवडायची सोय नाही, आणि त्याला तेच आवडायचं. घरी मात्र माझं वाढलेलं पान बघून म्हणायचा, "थोडंच घाल." तुझे चार घास माझ्या अख्ख्या जेवणावर भारी पडायचे.

एकदा शाळेतून येताना मी दारातून पाहिलं. त्याच्यासमोर दोन पेले होते, एक अर्धा झालेला, एक झाकलेला. तू हसत होतीस. झाकलेला तुझाच, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी रस्त्यात तुला जाब विचारला, तर तू म्हणालीस, "आत येऊन बघ की, ताई! दारातून काय वास घेतेस?" त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही.

तर पेला घरी आणून मी वरची चकती उचलली. चीज, आणि त्यावर बिहीच्या फळाची गोड वडी. आन्सेल्मो गोडाला शिवायचा नाही. त्याची ती कोरडी, खारट वाइन मला कधी गिळवली नाही, पण रागाने पेला तोंडाला लावला. गोड होती. मोस्कातेल. आपल्या घरात मोस्कातेल पिणारी कोण, हे तुला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं.

मी रडले वगैरे नाही. राग आला, तो अजून आहे. रोज माझा पेला झाकायला सांगून तो दाराकडे बघत उभा राहिला, आणि ते बघायला तू होतीस. दार वाजलं की त्याचा चेहरा कसा व्हायचा, आणि दुसरंच कोणी आत आलं की कसा, ते तुझ्याकडे आहे. माझ्याकडे नाही. तू सांगायला हवं होतंस. एकदा ऐकलं नसतं, तर दोनदा सांगायचं. पण तुला ते स्वतःपाशी ठेवायचं होतं. मी ओळखून आहे तुला.

गुरुवारी दुपारी येते. त्याच्या जागी उभी राहीन. तो दाराकडे कसा बघायचा, ते मला करून दाखव. हसायचं नाही.

तुझी ताई,
लेओकादिया
आन्सेल्मोची बायको

हासिंतोच्या हाती दिला: पेला एक, धुतलेला. घेताना त्याची माफी माग, चारचौघांत. झाकण दिलेलं नाही, ते मी खाल्लं. गुरुवारी पेला उघडाच ठेव.