आठवी बाटली

धुळे,
१३ नोव्हेंबर १९६९

प्रिय निंबा,

'प्रिय' लिहिलं आणि थोडा वेळ थांबलो. खोडावंसं वाटलं. पण वीस-बावीस वर्षं तुला हेच लिहीत आलो, आता एका शब्दाच्या खाडाखोडीने मी वेगळा माणूस होणार नाही. तू दिवाळीला पाठवलेला फराळाचा डबा या पत्रासोबत परत येतो आहे. धाकटीने दोन शंकरपाळे खाल्ले, तेवढे कमी भरतील. डब्याच्या तळाशी घडी करून ठेवलेला कागद मात्र मी काढून घेतला आहे. त्याचं शेवटी लिहितो.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ठाकऱ्या माझ्या दाराशी आला. तीनखडकी पाड्याच्या विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायला आपणच नेमलेला ठाकऱ्या. साक्रीपर्यंत पायी आला होता, तिथून एस.टी.ने. बायको वारल्यापासून दाढी केलेली नसावी. पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "भाऊ, डबामा पावडरच नही व्हती, मी हिरमा काय टाकू? दोन डाव साक्रीले गऊ. निंबासाहेब म्हने, तुमनं पानी चांगलं शे, जाय घर." मग म्हणाला, "बठ्ठा पाडा म्हनस, ठाकऱ्यानी बायकोले बी मारी टाकं." निंबा, त्याला पाड्यावरच्या मृत्यूंबद्दल सोमवारी होणाऱ्या चौकशीची भीती नव्हती. चौकशी म्हणजे काय हेच त्याला नीट कळलेलं नाही. पाडा त्याला विहिरीवर येऊ देत नाही, एवढंच तो सांगायला आला होता.

तू त्याला 'जाय घर' म्हणालास यावर मी लगेच विश्वास ठेवला. मग स्वतःलाच विचारलं, इतक्या लगेच का? आरोग्य निरीक्षकाची जागा तुला मिळाली आणि मी टेबलावरच राहिलो, त्याचा हा सल तर नाही? त्या दिवशी मी डायऱ्या काढून बसलो. सल आहे. तीन ठिकाणी सापडला, आणि एका ठिकाणी मी तुझ्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून माझीच मला लाज वाटली. पण त्याच डायरीत मे महिन्याच्या चौदा तारखेची नोंदही सापडली.

तुला आठवत नसेल, म्हणून लिहितो. साक्रीकडच्या सात पाड्यांच्या विहिरींचे नमुने तू आणले होतेस. प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि तो नोंदवहीत उतरवायचं काम माझं. सातही बाटल्यांत जंतू नाहीत, पाणी पिण्यास योग्य. आणि पाण्याचा जडपणा सातही ठिकाणी चारशे बारा. एक पाडा नाल्याकाठी, एक डोंगराच्या कुशीत, एक पार जंगलात, आणि आकडा एकच. मी कागद घेऊन तुझ्याकडे आलो. तू चहा पीत होतास. म्हणालास, "अरे अभिमन, धरतीमायचं पोट एकच असतं. तू आकडे उतरव, भूगोल माझ्यावर सोड." डायरीत मी पुढे लिहिलंय: 'निंबा हसला. मीही हसलो. आकडे उतरवले.'

खरं तर त्याच्या आधीच मला कळायला हवं होतं. मार्चमध्ये साक्रीला गेलो तेव्हा जवरीलाल शेठच्या दुकानामागच्या घरी शेठाणी जतनबाईंनी चहा दिला होता, आणि म्हणाल्या होत्या, "आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही बघा, आणि तुमचे निंबाभाऊ पेटी भरभरून बाटल्या नेतात. त्यांच्या घरी दगड शिजवतात का?" जड पाण्याची ती खूण, पण मी तेव्हाही हसलो होतो. बाजारातली विहीर, पंचायतवाले दर आठवड्याला पावडर टाकतात, जंतू येणार कुठून? सात पाडे म्हणजे दोन दिवसांची पायपीट, आणि बाटल्या वेळेत पोचवायच्या तर दुपारची गाडी चुकवून चालत नाही. तुझी अडचण मला समजते. पण त्या एकाच विहिरीच्या सात बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर तू पाड्यांची नावं लिहिलीस.

त्यानंतरचं पाप माझ्या हातचं. पावसाळ्यात कुठे किती पावडर जाईल ही यादी मी केली. योग्य पाण्याचे पाडे सगळ्यात शेवटी, आणि तिथपर्यंत पोती पुरली नाहीत. ऑगस्टमध्ये उलट्या-जुलाब सुरू झाले तेव्हा पथक कुठे आधी पाठवायचं हेही त्याच नोंदवहीवरून ठरलं. अयोग्य लिहिलेली गावं पहिल्या दिवशी, तीनखडकी पाचव्या दिवशी. नऊ माणसं गेली. त्यात मोगराबाई, ठाकऱ्याची बायको. आणि तू अहवालात लिहिलंस की पाणी मुळात उत्तम होतं, नेमलेल्या इसमाने पावडर टाकण्यात कसूर केली.

कॉलेजात असताना मला विषमज्वर झाला होता. खोलीत आपण दोघंच. तू तीन आठवडे स्टोव्हवर पाणी उकळून, फडक्याने गाळून मला चमच्याने पाजलंस. परीक्षा बुडवलीस. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यानेच जातो हा आजार आणि पाण्यानेच येतो. ते तुला माझ्याइतकंच पाठ आहे. म्हणून मला राग येतो. दुसऱ्या कुणी अडाण्याने हे केलं असतं तर इतका आला नसता. त्या तीन आठवड्यांसाठीच मी मे महिन्यात गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत होतो. तेही पूर्ण खरं नाही. मला भांडण नको होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी ठाकऱ्याबरोबर तीनखडकीला गेलो. पोचायला दुपार झाली. विहिरीवर दिवालीबाई नावाची म्हातारी दोर धरून उभी होती. मला म्हणाली, "तुम्ही भरा नाना, पन त्याले दोर दिऊ नका. त्याना हातेच मरी उनी पाडामा." ठाकऱ्या वीस पावलांवर मोहाच्या झाडाखाली उभा राहिला, जणू त्यालाही ते पटलं होतं. मीच पाणी शेंदलं आणि बाटली भरली. चिठ्ठीवर नाव लिहिलं. म्हातारीला विचारलं, इथे डाळ शिजते का? ती म्हणाली, "शिजस ना. लोनी मायक मऊ शिजस."

काल त्या बाटलीचा अहवाल आला. जडपणा शहाण्णव.

आता तुझ्या कागदाबद्दल. जूनमध्ये तीनखडकीला पावडर रवाना झाली होती, असा दाखला तू टाइप करून पाठवलास आणि खाली माझ्या सहीची जागा सोडलीस, लाडवांच्या खाली. तो कागद मी सोमवारी चौकशीत देणार आहे, सही न करता. सोबत माझी मे महिन्याची डायरी, ती यादी आणि हा अहवाल. माझ्या निवेदनात पहिलं नाव माझं आहे. नोकरी बहुधा जाईल. बायकोला सांगितलं आहे. निकाल काही लागो, तो वाचून दाखवायला मी तीनखडकीला जाणार आहे, आणि विहिरीवरच वाचणार आहे, ठाकऱ्याला शेजारी उभा करून. तुला आधी कळवतो आहे ते पाठीमागून वार केला असं तुला म्हणता येऊ नये म्हणून. घरी येऊ नकोस. तू आलास तर मला ते उकळलेलं पाणी आठवेल, आणि मी स्वतःला ओळखतो. जे बोलायचं ते सोमवारी तिथे सगळ्यांसमोर बोल. तू हसलास ही ओळ डायरीत आहे, मी हसलो हीसुद्धा. दोन्हींपैकी एकही खोडलेली नाही.

त्या दिवशी तुझ्याबरोबर हसलेला,
तुझाच
अभिमन