कांजण्यांच्या माथी

माय, तुला जाऊन आता चाळीस वर्षं होतील, पण आज भाजीला फोडणी देताना तुझा आवाज कानात आला. वेरूळजवळच्या आपल्या घरात मला गोवर निघाला होता. तू दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलास आणि आठ दिवस घरात तेल तापू दिलं नाहीस. मी वरणाला फोडणी मागितली, तर म्हणालीस, "गप ऱ्हा. तडतड ऐकली की देवी बिथरती. औषधपाणी काय करायचं नाय, तिची ती आली तशी जाती." मी बरा झालो. म्हणून ते डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

तुझ्या पणतीला तू पाहिलं नाहीस. माझ्या लेकीची लेक. तिला जन्मापासून एचआयव्ही आहे, आईकडून आलेला. लेक गेली, जावई गेला, तुझी सून तर आधीच गेली होती. मी दिवसभर गुलमंडीत दुकानात कापड फाडायचो आणि सकाळ-संध्याकाळ पोरीला गोळी द्यायचो. माझं जेवण चुकायचं, तिची गोळी नाही. ती नऊ वर्षांची असताना तिला कांजण्या आल्या आणि मी चांगला शहाणासुरता माणूस सरळ तुझ्या त्या घरात परत गेलो. डहाळा बांधला, कढई पालथी घातली आणि गोळ्यांचा डबा फडताळात वर ठेवून दिला. पोरगी विचारायची, "आबा, गोळी?" मी म्हणायचो, "पाहुणी जाऊ दे, मग." असे आठ दिवस. नवव्या दिवशी दहीभाताचा निवद दाखवला, तिला अंघोळ घातली आणि डबा खाली काढला.

लगेच दवाखान्यात रक्त तपासायची वेळ आली. जो विषाणू कित्येक वर्षं मोजणीत सापडतसुद्धा नव्हता, तो वर आलेला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, गोळ्या चुकल्या का?"

"नाही मॅडम. एकबी नाही." जीभ जरासुद्धा अडखळली नाही बघ.

"मग कांजण्यांमुळं उसळला असेल," असं म्हणून त्यांनी तेच फाइलीत लिहिलं. दोन-तीन महिन्यांनी परत तपासलं तेव्हा तो खाली बसला होता. माझा जीव भांड्यात पडला.

पण त्यांचं वाक्य काही मला सोडेना. एक विषाणू दुसऱ्याला कसा उठवतो? पुढच्या खेपेला विचारलंच. त्या हसल्या. "बसा काका. हा राहतो कुठं, तर अंगाच्या राखणदारांच्याच पोटात. दुसरा रोग आला की राखणदार जागे होतात, वाढतात. त्या गडबडीत आत निजलेला हासुद्धा हात धुऊन घेतो. गोळ्या चालू असल्या तर मात्र फार काही जमत नाही त्याला. जरा डोकं वर काढतो आणि बसतो."

सातवी पास माणूस मी, पण तेव्हापासून मिळेल ते वाचत सुटलो. एक गोष्ट वाचून तर बोटच तोंडात गेलं. अशा लेकरांना गोवर निघाला की रक्तातला एचआयव्ही काही दिवस उलट कमी झालेला दिसलाय! आणि तरी गोवर त्यांना फार वाईट, जिवावरच बेततो. म्हणजे एक चोर शिरला म्हणून दुसरा कोपऱ्यात दबून बसला, घर लुटायचं काही थांबलं नाही. का दबतो, विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं पक्कं अजून कुणालाच उमगलेलं नाही." मला ते उत्तर लई आवडलं.

पण माझं हे कुतूहल सुरुवातीला काही निर्मळ नव्हतं, माय. मला कांजण्यांवर गुन्हा शाबीत करायचा होता. जितकं वाचलं तितकं कळत गेलं की कांजण्यांचा वाटा असला तर चिमूटभर. बाकी सगळा डबा वर ठेवणाऱ्या हाताचा.

आता ती बावीस वर्षांची आहे. रक्त तपासायचंच शिकली. हर्सूलकडच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात तिला नोकरी लागतेय, आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. सकाळी लसूण सोलता सोलता म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते."

"का गं?"

"तिथं रोज गोवर, कांजण्या, ताप. माझा उसळतो, आबा. फाइलीत लिहिलंय."

"मॅडम काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, लस झालीय, गोळ्या चालू आहेत, जा खुशाल. त्यांना काय जातंय म्हणायला? मी फाइल वाचलीय. तुम्ही आपलं पेपर वाचून डॉक्टर झालेले." आणि हसली. हसते हुबेहूब तुझ्यासारखी. मी खाली मान घालून कांदा चिरत राहिलो. तेरा वर्षं ती साध्या तापाला घाबरत आली, ती माझ्या एका खोट्या शब्दापायी.

तुला लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, थोडा दोष तुझ्याकडं सरकेल. पण तिच्या गोळ्या तू कुठं पाहिल्या होत्यास? ती आत मोबाईलवर नकार लिहितेय. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. हे कुठं पाठवायचं नाही, मला ठाऊक आहे. तरी एवढं लांबवतोय ते तुझ्या आठवणीनं नव्हे, माय. संपलं की मला उठून आत जावं लागेल.